कार्बन मोनॉक्साइड : न जाणवणारे विष

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग धुळ्यात मिळतात. वाहनांच्या धुरातील सूक्ष्म कण आणि नायट्रोजन डायऑक्साइड यांमुळे खोकला येतो, दमा बळावतो; त्यांचा त्रास निदान जाणवतो तरी. कार्बन मोनॉक्साइडला मात्र रंग नाही, वासही नाही. इंधनाचे ज्वलन अपुरे झाले की हा वायू तयार होतो. इंजिनात तसाच शेगडीतही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक सहजतेने जोडला जातो आणि शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. म्हणूनच धुळ्याच्या कडाक्याच्या थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपणे जिवावर बेतू शकते. डोकेदुखी, चक्कर, मळमळ जाणवताच मोकळ्या हवेत यावे व त्वरित रुग्णालय गाठावे. झोपलेल्याला मात्र ही लक्षणे कळतही नाहीत. झोपण्यापूर्वी शेगडी खोलीबाहेर ठेवणे, हाच खरा उपाय.