डोंगर उघडणारी माणसं

बर्फ भरपूर पडला होता आणि डोंगर बंद होता. २०२४च्या डिसेंबरचा शेवटचा आठवडा, अमेरिकेतल्या युटा राज्यातलं पार्क सिटी. नाताळ ते नववर्ष हे स्कीवाल्यांच्या हंगामाचे सगळ्यात मोलाचे दिवस. लोकांनी कित्येक महिने आधी विमानाची तिकिटं काढलेली, हॉटेलं ठरवलेली, मुलांची नावं स्कीच्या शिकवणीला घातलेली. हॉटेलं चालू होती, स्वयंपाकघरं चालू होती, चेअरलिफ्टच्या मोटारी ठणठणीत होत्या. पण त्या लिफ्टने वर जाऊन ज्या उतारांवरून खाली यायचं, त्यातले बहुतेक दोर लावून बंद केलेले होते. काही दिवस तर डोंगराचा जेमतेम पाचवा हिस्सा खुला होता.

कारण २७ डिसेंबरला स्की पेट्रोलचे सुमारे दोनशे लोक संपावर गेले होते. बाकी सगळा कामगारवर्ग कामावर हजर होता.

पार्क सिटी माउंटन हा अमेरिकेतला क्षेत्रफळाने सर्वांत मोठा मानला जाणारा स्की रिसॉर्ट. ७,३०० एकर, म्हणजे जवळजवळ साडेएकोणतीस चौरस किलोमीटर डोंगर आणि चाळीसहून जास्त लिफ्ट. २००२च्या हिवाळी ऑलिम्पिकमधल्या काही शर्यती इथेच झाल्या. एवढ्या अवाढव्य कारभारातून दोनशे माणसं बाजूला झाली आणि सगळा डोंगर आक्रसला, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला विश्वासच बसेना. स्की पेट्रोल म्हणजे पाठीवर क्रॉस असलेलं जाकीट घालून फिरणारे आणि कुणी पडलं तर मदतीला धावणारे लोक, एवढंच बहुतेक पाहुण्यांना ठाऊक असतं. ते खरंही आहे. पाय मोडलेल्या माणसाला स्लेजवर बांधून, तिचे दांडे दोन हातांत धरून तीव्र उतारावरून खाली आणणं हे त्यांचं रोजचं काम. पण त्यांचं सगळ्यात मोठं काम पाहुणे अंथरुणात असताना होतं.

रात्री बर्फ पडला की त्यांचा दिवस अंधारातच सुरू होतो. दोघादोघांच्या जोड्या कड्याच्या धारेवर जातात. पाठपिशवीत स्फोटकं असतात, साधारण किलोभर वजनाची एकेक. कुठली जोडी कुठल्या वाटेने जाणार आणि कुठे थांबून कुठे स्फोटक टाकणार, हे आधी ठरलेलं असतं. वात पेटवायची, स्फोटक उतारावर भिरकवायचं आणि आडोशाला जाऊन थांबायचं. वात जळायला साधारण दीड मिनिट लागतं. मग आवाज होतो. कधी उताराचा अख्खा थर भेगाळून खाली कोसळतो, कधी काहीच होत नाही. काही न होणं हीसुद्धा माहितीच असते. ती वहीत नोंदली जाते आणि जोडी पुढच्या जागेकडे सरकते. काही ठिकाणी स्फोटकाऐवजी माणूसच वापरतात. एकजण उताराच्या माथ्याजवळून, थर सुटलाच तर निसटता येईल अशा बेताने, आडवा स्की करत जातो आणि दुसरा सुरक्षित जागी उभा राहून त्याच्यावर नजर ठेवतो.

हे सगळं का करावं लागतं, ते बर्फाच्या पोटात दडलेलं आहे. वरून एकसंध पांढरा दिसणारा उतार आतून थराथरांचा असतो. प्रत्येक हिमवर्षावाचा एक थर. हंगामाच्या सुरुवातीला बर्फ पातळ असतो, वरची हवा गोठवणारी आणि खालची जमीन त्या मानाने उबदार. त्या फरकामुळे बर्फातल्या बर्फात वाफ वर सरकत राहते आणि तळाचे कण बदलून साखरेच्या दाण्यांसारखे सुटे, कोनदार होतात. त्यांची एकमेकांवर पकड नसते. मग नाताळात नवा, जड बर्फ या दाण्यांवर येऊन बसतो. वारा त्यात भर घालतो: डोंगराच्या एका अंगाचा बर्फ खरवडून दुसऱ्या अंगाला नेऊन रचतो. आता फक्त एक माणूस त्यावर यायचा अवकाश. खालचा थर खचला की वरची लादी एका दमात सुटते.

हिमस्खलन होतं ते मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर. त्याहून कमी उतारावर बर्फ सहसा सरकत नाही, त्याहून जास्त उतारावर तो फारसा साचत नाही. आणि पट्टीच्या स्कीपटूला ज्या उतारावर खरा आनंद मिळतो, तोही बरोबर हाच कोन. इथल्या ज्युपिटर बोलसारख्या भागांसाठी लोक दूरदूरहून येतात, आणि पहाटे सगळ्यात जास्त काम असतं ते अशाच भागांत. ज्या बर्फासाठी पाहुण्यांनी पैसे मोजले, त्याच बर्फाने संपाच्या दिवसांत त्यांचा रस्ता अडवला, तो यामुळे.

ही विद्या अमेरिकेत रुजली तीही याच परिसरात. पार्क सिटीच्या डोंगरधारेपलीकडे, पक्ष्याच्या वाटेने काही किलोमीटरवर आल्टा नावाचं ठिकाण आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या दहाव्या माउंटन डिव्हिजनमध्ये असलेला माँटी अ‍ॅटवॉटर युद्ध संपताच तिथे हिमरक्षक म्हणून आला. बर्फ कोसळण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा आपणच आपल्या वेळेला तो पाडावा, हा विचार त्याने तिथे प्रत्यक्षात आणला. आधी स्फोटकं, पुढे लष्कराच्या तोफा. माणसाने डोंगरावर तोफ डागावी ती शत्रूसाठी नव्हे, तर उद्या तिथे मुलांना खेळता यावं म्हणून, हे मला फार मोठं वाटतं.

मग बाहेरून माणसं आणून हे काम उरकता येणार नाही का? कंपनीने तेच केलं. पार्क सिटीची मालक व्हेल रिसॉर्ट्स ही कंपनी जगभर चाळीसहून जास्त स्की रिसॉर्ट चालवते. तिने आपल्या इतर ठिकाणचे पेट्रोलमधले वरिष्ठ इथे आणले. प्रशिक्षण त्यांचंही पक्कं असतं, स्फोटकं त्यांनाही हाताळता येतात. पण कुठल्या दिशेच्या वाऱ्यात कुठली घळ भरते, कुठला उतार पहिल्या स्फोटाला दाद देत नाही आणि दुपारी सुटतो, हे त्या डोंगरावर हिवाळे काढल्याशिवाय कळत नाही. आणि शंका असली तर उत्तर एकच: उतार बंद.

आता रांगा. काही पाहुण्यांना लिफ्टसाठी दोन-तीन तास उभं राहावं लागलं. डोंगराचा मोठा भाग बंद म्हणजे गर्दी वाढणार, हे उघड आहे; पण ती एवढी का वाढते, त्याचं गणित पाहण्यासारखं आहे. एरवी डोंगरावर आलेले लोक कुठे असतात? काही लिफ्टमध्ये, काही रांगेत, आणि पुष्कळसे उतारांवर पसरलेले. म्हणजे उतार ही नुसती खेळायची जागा नाही, माणसं सामावून घेणारी जागाही आहे. लांब उतार बंद झाले की माणूस दहा मिनिटांऐवजी तीन-चार मिनिटांत खाली येतो आणि पुन्हा रांगेत लागतो. सहा आसनी वेगवान लिफ्ट तासाला साधारण तीन हजार माणसं वर नेते. तिच्या तळाशी सहा हजार लोक जमले की शेवटच्या माणसाला दोन तास थांबायचंच आहे. लिफ्ट कितीही धावली तरी.

संपामागची मागणी ऐकली की हे सगळं आणखी थक्क करतं. नव्या पेट्रोलरला तासाला २१ डॉलर मिळत होते, त्यांची संघटना २३ मागत होती. शिवाय, वर्षानुवर्षं काम केलेल्यांचा पगार अनुभवाच्या प्रमाणात वाढावा, ही मागणी होती. आधीचा करार एप्रिल २०२४मध्येच संपला होता. वाटाघाटी उन्हाळाभर, पानगळभर चालल्या. त्या सणाच्या दिवसांत लिफ्टचं एका दिवसाचं खिडकीवरचं तिकीट तीनशे डॉलरच्या आसपास होतं. म्हणजे पाहुण्याच्या एका दिवसासाठी डोंगर उघडून देणाऱ्याची जवळजवळ चौदा तासांची मजुरी. गावात घराची किंमत सहज दहा लाख डॉलरच्या वर जाते.

संप म्हटलं की मराठी माणसाला १९८२ आठवतं. १८ जानेवारीला सुरू झालेला मुंबईच्या गिरण्यांचा संप, त्याचे नेते दत्ता सामंत, अडीच लाख कामगार. तो इतका लांबला आणि कामगारांच्या अंगावर आला, त्यामागे एक कारण मालाचं स्वरूप हेही होतं. कापडाचे साठे गोदामात पडून राहू शकतात. विणकाम भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळवता येतं. सुट्टीचा आठवडा ना गोदामात ठेवता येतो, ना दुसऱ्या गावात विणून आणता येतो. २८ डिसेंबरचा उतार २८ डिसेंबरलाच उघडायचा असतो. गिरणगावाने दीड वर्षात जे गमावलं, त्यापुढे पार्क सिटीचा संप किरकोळ वाटेल, पण दोनशे माणसांच्या हाती एवढी ताकद आली ती या नाशवंतपणामुळेच.

हॉटेलातला संप निराळा दिसतो. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीपासून होनोलुलूतल्या हिल्टन हवाईयन व्हिलेजचे कामगार चाळीस दिवस संपावर होते. तिथे उणीव लगेच डोळ्यांना दिसते: न बदललेल्या चादरी, साचलेले टॉवेल, बंद उपाहारगृह. गैरसोय होते, पण खोली असते, समुद्र असतो. डोंगराचं तसं नाही. तिथे रोज सकाळी समुद्रच तयार करावा लागतो म्हणा ना.

पाहुणे चिडले, आणि चिडायला त्यांना जागा होती. २००८पासून ही कंपनी ‘एपिक पास’ विकते. हंगामाआधीच सगळे पैसे भरायचे आणि मग हिवाळाभर हवं तितकं स्की करायचं. पाहुण्याला ते स्वस्त पडतं आणि कंपनीला बर्फ कमी पडण्याची धास्ती उरत नाही. पण त्याचा अर्थ असाही की, रांगेत उभ्या माणसाचे पैसे आधीच गेलेले असतात. पाठ फिरवून निघून जाण्याने त्याचा निषेध कुणाला लागत नाही. त्यामुळे पुढे जे झालं ते मला सगळ्यात हृद्य वाटतं. लिफ्टखाली तिष्ठत असलेल्या लोकांनी घोषणा दिल्या, त्या संपकऱ्यांच्या विरोधात नव्हत्या. ‘तुमच्या कामगारांना पैसे द्या’ असं ते कंपनीला ओरडून सांगत होते. त्याचे व्हिडिओ देशभर पसरले. संपकऱ्यांच्या मदतनिधीत अनोळखी लोकांनी पैसे टाकले.

या गावाला नजरेआड राबणारी माणसं नवीन नाहीत. पार्क सिटी मुळात चांदीच्या खाणीचं गाव. चांदीचे दिवस सरल्यावर खाण कंपनीनेच १९६३मध्ये स्की रिसॉर्ट उघडला, आणि सुरुवातीची काही वर्षं तर पाहुण्यांना खाणीच्या आगगाडीतून बोगद्यात चार-पाच किलोमीटर आत नेत, मग खाणमजुरांच्या पाळण्यातून सुमारे ५३० मीटर वर उचलून थेट डोंगरावर बाहेर काढत. स्की खांद्याला लावून, अंधारातून, ज्या वाटेने मजूर जात त्याच वाटेने.

८ जानेवारी २०२५ला संघटनेच्या सभासदांनी नव्या करारावर एकमताने शिक्कामोर्तब केलं. तासाला सरासरी चार डॉलरची वाढ मिळाली, सर्वांत अनुभवी लोकांना त्याहून बरीच जास्त. संपाच्या काळात स्की केलेल्या पाहुण्यांना कंपनीने पुढच्या हंगामाच्या पासवर सवलत देऊ केली, प्रत्येक दिवसासाठी त्या दिवसाच्या किमतीच्या निम्मी. पेट्रोलर डोंगरावर परतले. दोरापलीकडे बारा-तेरा दिवसांचा बर्फ थरावर थर साचून होता, आणि तो एकेका उतारावर तपासत जायचं होतं.