जलतरण तलावातील पाणी

पोहण्यासाठी बांधलेल्या कृत्रिम तलावातील पाणी जंतुरहित, पारदर्शक आणि पोहणाऱ्याच्या शरीरास तसेच तलावाच्या बांधकामास अपाय न करणारे राखावे लागते. त्यासाठी पाण्यातील रासायनिक समतोल कसा साधतात आणि पाण्यात वाढलेली शैवले कशी काढून टाकतात, यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. उदाहरणादाखल पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या तालुक्यांतील परिस्थिती विशेषेकरून लक्षात घेतली आहे.

स्नानासाठी जलाभेद्य कुंड बांधण्याची कला भारतात प्राचीन असून मोहें-जो-दडो येथील सु. १२ मी. लांब व ७ मी. रुंद महास्नानगृह हे तिचे प्रसिद्ध उदाहरण होय. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात मात्र पोहणे शिकण्याचे ठिकाण म्हणजे विहीर अथवा नदीचा डोह. पाठीला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचे हलके लाकूड बांधून मुलांना विहिरीत सोडण्याची रीत होती. शेतीसाठी उपसा होणाऱ्या विहिरीचे पाणी झऱ्यांमुळे सतत बदलत राहते. जलतरण तलावात याउलट तेच पाणी महिनोन्‌महिने वापरले जाते. पोहणाऱ्यांच्या अंगावरील घाम, तेल, धूळ व जंतू त्यात साठत जातात. म्हणून त्याची शुद्धी माणसालाच करावी लागते.

क्लोरीन व पीएच मूल्य : तलावाच्या पाण्यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे जंतुनाशक क्लोरीन होय. ते वायुरूपात, विरंजक चूर्ण (ब्लीचिंग पावडर), सोडियम हायपोक्लोराइटाचा विद्राव किंवा ट्रायक्लोरोआयसोसायन्यूरिक अम्लाच्या वड्या यांच्या रूपाने देतात. यांपैकी कोणतेही संयुग वापरले, तरी पाण्यात जंतुनाशनाचे मुख्य कार्य हायपोक्लोरस अम्ल करते. या अम्लाचे काही रेणू विघटित होऊन हायपोक्लोराइट आयन बनतात व त्यांची जंतुनाशक शक्ती बरीच कमी असते. दोहोंचे प्रमाण पाण्याच्या पीएच मूल्यावर (अम्लता वा क्षारता दर्शविणाऱ्या मूल्यावर) अवलंबून असते. पीएच मूल्य ७ असताना सु. तीन चतुर्थांश क्लोरीन हायपोक्लोरस अम्लाच्या रूपात असते, ७.५ ला ते सु. निम्मे आणि ८ ला सु. एक चतुर्थांश उरते. म्हणून पीएच मूल्य ७.२ ते ७.६ व मुक्त क्लोरीन दर लिटरला १ ते ३ मिग्रॅ. असावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. भारतीय मानक ब्यूरोनेही जलतरण तलावाच्या पाण्यासाठी आयएस ३३२८ हे मानक प्रसिद्ध केले आहे.

घाम व मूत्र यांतील नायट्रोजनयुक्त पदार्थांशी क्लोरिनाचा संयोग होऊन क्लोरॅमिने बनतात. तलावावर येणारा उग्र दर्प आणि डोळ्यांची चुरचुर यांचे कारण बहुधा क्लोरिनाचे आधिक्य नसून ही क्लोरॅमिने असतात. तेव्हा दर्प आला म्हणून क्लोरीन कमी करणे चुकीचे ठरते. संयुक्त क्लोरिनाच्या सु. दहापट मुक्त क्लोरीन एकाच वेळी दिल्यास क्लोरॅमिनांचा नाश होतो.

क्षारता, दुष्फेनता व स्थानिक पाणी : पीएच मूल्य स्थिर राहण्यासाठी पाण्याची एकूण क्षारता (कॅल्शियम कार्बोनेटाच्या रूपात मोजलेली) दर लिटरला ८० ते १२० मिग्रॅ. आणि कॅल्शियम दुष्फेनता २०० ते ४०० मिग्रॅ. ठेवतात. ही मूल्ये फार कमी असल्यास पाणी सिमेंट व धातू यांना खाते. फार जास्त असल्यास कॅल्शियम कार्बोनेटाची पुटे धरतात. पीएच मूल्य, तापमान, क्षारता व दुष्फेनता यांवरून पाण्याचा कल कोणीकडे आहे हे दर्शविणारा निर्देशांक डब्ल्यू. एफ. लँगेलियर यांनी १९३६ साली मांडला.

घोड नदीकाठचे शिरूर आणि भीमाकाठचे दौंड ही दोन्ही गावे पर्जन्यछायेच्या पट्ट्यात असून भूस्तर दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्ट खडकांचा आहे. अशा प्रदेशातील विहिरी व विंधन विहिरी यांचे पाणी पुष्कळदा दुष्फेन व क्षारयुक्त असते. जमिनीतून नुकत्याच उपसलेल्या पाण्यात कार्बन डाय-ऑक्साइड विरघळलेला असतो. उघड्या तलावात तो निघून जातो व पीएच मूल्य आपोआप ८ च्या वर चढते. त्यातच विरंजक चूर्ण टाकल्यास त्यातील चुन्याने ते आणखी वाढते, कॅल्शियम कार्बोनेटाचा अवक्षेप (न विरघळणारा साका) तयार होऊन पाणी दुधट दिसू लागते आणि क्लोरिनाची शक्ती घटते. पाणी सुधारत नाही असे पाहून आणखी चूर्ण टाकले, तर दोष वाढतच जातो. या फेऱ्यातून सुटण्याचा मार्ग म्हणजे प्रथम पीएच मूल्य मोजणे, विरल हायड्रोक्लोरिक अम्लाने ते खाली आणणे व नंतरच क्लोरीन देणे. उन्हाळ्यातील बाष्पीभवनाची तूट त्याच दुष्फेन पाण्याने भरून काढल्याने लवणे साठत जातात, हेही ध्यानात घ्यावे लागते.

शैवलांची वाढ : शैवलांचे सूक्ष्म बीजाणू वारा, पाऊस, धूळ व पोहणाऱ्यांचे कपडे यांबरोबर तलावात येतात. सूर्यप्रकाश, उष्णता, नायट्रेटे व फॉस्फेटे मिळाली आणि क्लोरीन कमी पडले की ती झपाट्याने वाढतात. पोषक द्रव्ये वाढली म्हणजे काय होते, हे भीमेच्या खोऱ्यात मोठ्या प्रमाणावर दिसते. पुणे शहराचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येते. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा फुगवटा दौंड तालुक्याच्या पूर्व भागापर्यंत पोहोचतो व त्यातील पाणी उन्हाळ्यात शैवलांनी हिरवे होते. ऊसशेतीतील खतांची नायट्रेटे विहिरींतही उतरतात. असे पाणी तलावात घेतल्यास शैवलांना खाद्य आयतेच मिळते.

तलावात हिरवी शैवले पाण्यात तरंगतात, पिवळसर शैवले सावलीच्या भिंतींना चिकटतात, तर काळे डाग धरणारी नील-हरित शैवले गिलाव्याच्या भेगांत रुजतात. प्रकाशसंश्लेषणात शैवले कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घेत असल्याने दुपारनंतर पीएच मूल्य वाढते व क्लोरीन आणखी निष्प्रभ होते.

सूर्याच्या जंबुपार किरणांनी उघड्या तलावातील निम्मे मुक्त क्लोरीन तासाभराच्या आत नष्ट होऊ शकते. ते टिकावे म्हणून दर लिटरला ३० ते ५० मिग्रॅ. सायन्यूरिक अम्ल ठेवतात. परंतु त्याचे आधिक्य क्लोरिनाला बांधून ठेवते. ट्रायक्लोर वड्यांतून दर १० मिग्रॅ. क्लोरिनामागे सु. ६ मिग्रॅ. सायन्यूरिक अम्ल पाण्यात येते. रोज २ मिग्रॅ. क्लोरीन या वड्यांतून दिल्यास तीन महिन्यांत ते १०० मिग्रॅ. च्या वर जाते. चाचणीत क्लोरीन पुरेसे दिसूनही पाणी हिरवे होते, त्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. पाण्याचा काही भाग बदलणे हाच त्यावर सोपा उपाय आहे.

निर्मूलन : हिरवे पाणी निवळण्याचा क्रम पुढीलप्रमाणे असतो. पोहणे बंद ठेवून पालापाचोळा काढतात. भिंती व तळ ब्रशाने घासतात, कारण चिकट थराखालील शैवलांपर्यंत क्लोरीन पोहोचत नाही. पीएच मूल्य सु. ७.२ वर आणून सूर्यास्तानंतर क्लोरिनाची मोठी मात्रा देतात. २५ मी. लांब, १२.५ मी. रुंद व सरासरी १.५ मी. खोल तलावात सु. ४,६९,००० लि. पाणी मावते. त्यात दर लिटरला १० मिग्रॅ. क्लोरीन देण्यास ३३ टक्के क्लोरिनाचे सु. १४ किग्रॅ. विरंजक चूर्ण लागते. चूर्ण पिंपात कालवून चुना तळाशी बसू देतात व वरची निवळ तेवढी तलावात सोडतात. पाणी स्वच्छ होईपर्यंत आणि रात्रभरात क्लोरिनाची घट १ मिग्रॅ. पेक्षा कमी होईपर्यंत मात्रा टिकवून धरतात. क्लोरीन फार असल्यास डीपीडी चाचणीचा गुलाबी रंग उडून जातो व क्लोरीन मुळीच नाही असा भ्रम होतो; अशा वेळी नमुना शुद्ध पाण्याने विरल करून पुन्हा तपासतात.

या काळात गाळण्या अखंड चालवून वेळोवेळी उलट प्रवाहाने धुतात. तलावाइतके पाणी गाळणीतून एकदा गेले, तरी मिश्रणामुळे प्रत्यक्षात सु. ६३ टक्केच पाणी गाळले जाते. मेलेली शैवले तुरटीने तळाशी बसवून नळीने शोषून बाहेर टाकतात. तुरटीमुळे क्षारता घटते, म्हणून नंतर ती पुन्हा तपासतात. मोरचूद शैवलनाशक असले, तरी दुष्फेन व क्षारीय पाण्यात त्यातील तांबे अवक्षेपित होते, भिंतींवर डाग पडतात आणि असे पाणी ओढ्यात सोडल्यास मासे मरतात.

सुरक्षितता : सर्वांत खोल भागाचा तळ काठावरून स्पष्ट दिसत नसेल, तर बुडालेला माणूसही दिसत नाही. म्हणून गढूळ वा हिरवा तलाव तत्काळ बंद करणे आवश्यक असते. क्लोरिनाविना राहिलेल्या उबदार पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा वाढू शकतो व नाकावाटे मेंदूत शिरून बहुधा प्राणघातक रोग घडवितो. केरळमध्ये २०२४ व २०२५ मध्ये अमीबाजन्य मेंदुज्वराचे अनेक रुग्ण आढळले. क्रिप्टोस्पोरिडियम हा अतिसारकारक जीव मात्र दर लिटरला १ मिग्रॅ. क्लोरिनात दहा दिवसही टिकतो; त्यामुळे अतिसार झालेल्यांनी तलावात न उतरणे हाच मुख्य प्रतिबंध होय. अम्ल आणि विरंजक चूर्ण एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो, तर दोन निरनिराळी क्लोरीन संयुगे कोरडी मिसळल्यास आग किंवा स्फोट संभवतो. ती वेगवेगळ्या कोरड्या, हवेशीर खोल्यांत ठेवतात. अम्ल नेहमी पाण्यात ओततात. पाणी अम्लात ओतत नाहीत.

पाण्याची काटकसर : बिघडलेले पाणी सोडून देऊन तलाव पुन्हा भरणे हा उपाय सोपा वाटतो. परंतु वरील मापाच्या तलावातील पाणी दरडोई ५५ लि. या ग्रामीण पुरवठ्याच्या निकषाने सु. ८,५०० लोकांची एका दिवसाची गरज भागवू शकते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावांच्या प्रदेशात या आकड्याला वेगळाच अर्थ आहे. रोज सकाळ-संध्याकाळ पीएच मूल्य व क्लोरीन आणि आठवड्यातून एकदा क्षारता मोजून त्यांची नोंद ठेवल्यास तेच पाणी दीर्घकाळ वापरता येते व शैवलांना बहुधा संधी मिळत नाही.