सूतिकागृहाच्या दाराशी

अंबाजोगाई हे नाव आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या देवघराशी निगडित आहे. कोकणस्थांच्या कितीतरी घराण्यांची कुलस्वामिनी योगेश्वरी ती हीच. लग्नकार्य उरकले की नवदांपत्यास घेऊन बीड जिल्ह्यातील या गावी जाण्याचा प्रघात अद्यापि आहे. देवीची ओटी भरावी, घरी पाळणा हलावा असा आशीर्वाद मागावा आणि परतावे. परंतु तो पाळणा सुखरूप हलावा म्हणून अहोरात्र खपणारे दुसरे एक स्थान त्याच गावी आहे, आणि तिकडे आपली पावले क्वचितच वळतात. ते म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय. ते १९७४ साली निघाले. मोठी शहरे सोडून खेड्यापाड्यांच्या मध्यभागी वैद्यकीय महाविद्यालय काढावे, ही कल्पना त्या काळी नवीनच होती. ज्यांचे नाव त्यास दिले ते स्वामीजी हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते खरे, पण मूळचे शिक्षक. याचा आम्हां मास्तरमंडळींस साहजिकच अभिमान वाटतो.

बीड जिल्हा हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडी परत येतात. त्यांतील गर्भवतीची नोंद एका गावी, तपासणी दुसऱ्या गावी आणि प्रसूती तिसऱ्याच ठिकाणी, असा प्रकार घडतो. अशा स्त्रीस सरकारी दवाखान्यावाचून दुसरा आधार नसतो. सरकारी नमुना नोंदणीप्रमाणे २०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या; संपूर्ण देशाचा आकडा ९७ होता. आपल्या प्रांतात मातेचा जीव पूर्वीपेक्षा पुष्कळ सुरक्षित झाला आहे, आणि त्याचे मोठे श्रेय या सार्वजनिक व्यवस्थेकडे जाते, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

मग तक्रार कशाची? आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची पत्नी जिल्ह्यातील एका सरकारी रुग्णालयात प्रसूत झाली. मुलाच्या बारशास गेलो असता तिने जे सांगितले ते येथे नमूद करतो. ती म्हणाली, “गुरुजी, औषधोपचारात काही उणे पडले नाही. रक्तदाब वाढला होता, तो वेळेवर ध्यानात आला. बाळ होताच इंजेक्शन दिले, रक्तस्राव आटोक्यात राहिला. पण सासूबाईंना दाराबाहेर थांबवले. वेदनेने ओरडले तर एक बाई खेकसली. पोटाला काय लावतात, सुई कशाची देतात, कोणी सांगेना. मला वाटले, मी आता जगत नाही. पहाटे पाळी बदलली. नव्या परिचारिकाबाईंनी नुसता डोक्यावर हात ठेवला आणि पुढे काय होणार ते सांगितले. तेव्हा कोठे माझे भय गेले.” बाळ दाखविण्यासाठी कोणी शंभर रुपये मागितले, हेही तिने हळूच सांगितले.

या कथनात दोन्ही बाजू आल्या आहेत. शास्त्राने जीव वाचविला. माणुसकी मात्र कोणती पाळी चालू आहे यावर अवलंबून राहिली. कित्येक म्हणतील, एकेका परिचारिकेकडे इतक्या खाटा असता गोड बोलण्यास सवड कोठून? अडचण खरी आहे. परंतु भ्यालेली स्त्री पुढल्या खेपेस दवाखान्याचे तोंड पाहण्यास नाखूश होते, निघण्यास उशीर करते. आणि प्रसूतीत उशीर हाच घात करतो. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव काही तासांतच प्राण घेऊ शकतो. म्हणून धीराचा शब्द हाही उपचाराचाच भाग मानावा लागतो.

आमच्या पूर्वसूरींस हे ठाऊक होते. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकागाराचे वर्णन आहे. अनेक वेळा प्रसूत झालेल्या, प्रेमळ, कुशल व गर्भिणीस धीर देणाऱ्या स्त्रिया तिच्याभोवती असाव्यात, असे तेथे सांगितले आहे. आणि भारत सरकारने २०१६ साली सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीस एक स्त्री राहू द्यावी अशी मुभा दिली, ती स्त्री शक्यतो स्वतः प्रसूतीचा अनुभव घेतलेली असावी असेच म्हटले. प्रसूतीच्या वेळी स्त्रीस तिच्या पसंतीची सोबत असावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेचीही शिफारस आहे. जुने आणि नवे येथे एकमुखाने बोलत आहेत.

तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांनी काही गोष्टी आधीच ठरवाव्यात. पहिल्या तीन महिन्यांतच नावनोंदणी करावी व तपासणीचे कार्ड जपून ठेवावे. सोबत कोण राहणार ते आधीच निश्चित करावे. १ जून २०११ पासून चालू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे सरकारी रुग्णालयात प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, रक्त, आहार व वाहन यांचा खर्च मातेकडून घ्यावयाचा नसतो. १०२ वा १०८ या क्रमांकावर वाहन मागविता येते. हे घरच्या मोलकरणीस व शेतावरील गड्याच्या बायकोसही समजावून सांगावे; त्यांस सांगणारे दुसरे कोण आहे? घरी आल्यावर अति रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके किंवा ताप यांपैकी काहीही दिसले तर “बाळंतिणीस असे व्हायचेच” म्हणून घरगुती काढ्यावर विसंबू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

शेवटी सुशिक्षितांस एक विनंती. आपल्यापैकी बहुतेक खाजगी प्रसूतिगृहात जातात, आणि सरकारी रुग्णालयाविषयी नाके मुरडण्यापलीकडे आपला संबंध उरत नाही. ज्यांस लिहिता येते, तेच जर गप्प राहिले, तर जिच्या हाती कोयता आहे तिचे गाऱ्हाणे कोण मांडणार? कोठे पैसे मागितले गेले तर तारीख-वार लिहून वरिष्ठांकडे अर्ज करावा. आणि कोणा परिचारिकेने रात्र जागून एखादीस धीर दिला असेल, तर तिचे नाव घेऊन आभाराचे पत्रही त्याच कचेरीत पाठवावे. या दोन्ही कामांस एक पोस्टकार्ड पुरते.