जुना डेस्कटॉप भंगारात देताय? थांबा! त्यातूनच होईल वेगवान लिनक्स सर्व्हर

छत्रपती संभाजीनगर : औरंगपुऱ्यातलं पुस्तकाचं दुकान असो, क्लास असो की सीएचं ऑफिस, पाच-सात संगणकांच्या फाइली एका जागी ठेवायच्या म्हटलं की सर्व्हर आला आणि मागोमाग भलंमोठं कोटेशनही. खरंच एवढा खर्च लागतो का? समजून घेऊया.

जुनं मशिन चालेल का?
चालेल. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. इंटेलच्या सहाव्या पिढीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. मात्र डेबियन किंवा उबंटू सर्व्हर त्यावर आरामात चालतात, तेही मोफत.

पैसे कुठे घालायचे?
आधी एसएसडी. हार्ड डिस्क विखुरलेला डेटा सेकंदाला साधारण शंभर वेळाच वाचू शकते. साधी साटा एसएसडी हजारो वेळा. मग रॅम. १६ जीबी पुरे. रिकामी रॅम लिनक्स फाइलींच्या कॅशेसाठी वापरतं. फाइल सर्व्हरसाठी प्रोसेसरचा नंबर शेवटचा.

महागडी एनव्हीएमई हवी का?
फाइल शेअरिंगपुरती नको. १०० एमबीपीएसचा जुना स्विच सेकंदाला जेमतेम १२ एमबी पुढे पाठवतो, गिगाबिट सुमारे ११०. साटा एसएसडी ५०० च्या आसपास देते. म्हणजे अडतं ते नेटवर्कवर. आधी स्विच बदला.

स्वस्तात मिळणारा जुना रॅक सर्व्हर?
वीजबिल बघा. सतत १०० वॅट खाणारं मशिन वर्षाला ८७६ युनिट जाळतं, २५ वॅटचं २१९. युनिटला १० रुपये धरले तरी वर्षाला साडेसहा हजारांचा फरक. शिवाय पंख्यांचा आवाज वेगळाच.

घेण्याआधी हे तपासा
• वापरलेल्या डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट. त्यात 'रिअलोकेटेड सेक्टर' शून्य हवेत.
• लॅन पोर्ट गिगाबिट आहे का?
• रॅमचा दुसरा स्लॉट रिकामा आहे का?
• तुमचं अकाउंटिंग सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असेल, तर ते तिथेच ठेवा; सर्व्हरवर फक्त फाइली.

वाचलेल्या पैशांतून यूपीएस आणि बॅकअपसाठी वेगळी डिस्क घ्याच. दोन डिस्कचं रेड म्हणजे बॅकअप नव्हे; चुकून डिलीट केलेली फाइल दोन्हीकडून जाते. प्रस्तुत प्रतिनिधीने इंजिनिअरिंगचा फायनल प्रोजेक्ट एकाच डिस्कवर ठेवला होता. सबमिशनच्या आठवड्यात ती डिस्क गेली. वेगाचा विचार त्यानंतर.