गोदामातल्या लेकीनं शिकवलं

गेल्या दिवाळीत आमच्या बचत गटाकडे फराळाच्या चाळीस ऑर्डरी होत्या. एकीनं यादी घ्यायची, चिवड्यापासून अनारशांपर्यंत फिरत पिशवी भरायची, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! दुपारपर्यंत पाय भरून आले. त्यात मधुमेह असलेल्या एका आजोबांच्या घरी बिनसाखरेच्या लाडवांऐवजी साधे लाडू गेले. नशीब, सूनबाईंनी वेळीच पाहिलं.

गटातल्या एका मावशींची लेक तेव्हा सुट्टीला आली होती. ती भिवंडीच्या एका गोदामात ‘पिकर’ आहे. म्हणजे गिऱ्हाइकाच्या यादीप्रमाणे रॅकवरचा माल काढून देते. आळीत कुजबूज असायची, ‘पदवीधर पोरगी हमाली करते.’ तिनं मात्र पदर खोचला.

“काकू, एकेका ऑर्डरीमागे फिरलं की घोळ कमी होतो, पण चालणं फार. थकलं की चूक होतेच. आपण ‘बॅच’ करू.” दहा ऑर्डरींचा चिवडा एकदम काढायचा, मग टेबलावर वाटायचा. माल खूप असेल तर ‘झोन’, म्हणजे प्रत्येकीचा आपला कोपरा; टोपली पुढे सरकते, बाई नाही. आणि ‘वेव्ह’ म्हणजे गाडीच्या वेळेप्रमाणे लाट: चारच्या एसटीचे डबे आधी, गावातले नंतर.

जास्त खपणारा माल कमरेच्या उंचीवर, जड डबे खाली, आधी खराब होणारं आधी बाहेर. शेवटी दुसरीनं यादीशी ताडून पाहायचं. गोदामात हे काम स्कॅनर करतो, आमच्याकडे निळं पेन! संध्याकाळी सातच्या आत सगळे डबे रवाना. एकही चूक नाही.

रात्री चहा घेताना तिनं पायमोजे काढले. टाचा भेगाळलेल्या. “दिवसभर चालणंच असतं काकू. तासाला किती वस्तू उचलल्या, ते मशीन मोजतं. पाणी कमीच पिते, बाथरूमला गेलं की आकडा पडतो.” मावशी गप्प झाल्या. लेक हे घरी कधी बोललीच नव्हती.

मैत्रिणींनो, तुमची लेक-सून अशा कामाला जात असेल, तर पगाराबरोबर हेही विचारा: बसायला जागा आहे? स्वच्छतागृह जवळ आहे? पगाराची पावती आणि पीएफचा नंबर मिळाला? आणि कुणी ‘हमाली’ म्हणालं, तर आमच्या चाळीस डब्यांची गोष्ट सांगा.