बालकांचा क्षयरोग आणि मद्रासचे संशोधन

मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ मनुष्य नव्हे, हे वैद्यकशास्त्रातील एक जुने व निर्विवाद तत्त्व आहे. मुलाचे यकृत औषधाचे विघटन वेगळ्या गतीने करते, त्याची हाडे वाढत असतात, त्याच्या मेंदूची जडणघडण पुरी झालेली नसते. तरीसुद्धा विसाव्या शतकाचा बराच मोठा काळ मुलांना दिली जाणारी औषधे प्रौढांवरील अनुभवावरूनच ठरविली जात असत. प्रौढाला एक गोळी, तर मुलाला अर्धी अथवा पाव, असा हा हिशेब होता. हा हिशेब बरोबर की चूक हे ठरविण्याचा मार्ग एकच होता. मुलांवरील उपचारांचीच शिस्तबद्ध कसोटी घेणे हा तो मार्ग होय. क्षयरोगाच्या बाबतीत अशी कसोटी ज्या थोड्या ठिकाणी घेतली गेली, त्यांत मद्रास (आजचे चेन्नई) या शहराचे स्थान महत्त्वाचे आहे.

घर की आरोग्यधाम?

१९५६ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या सहकार्याने मद्रासमध्ये क्षयरोग रसायनोपचार केंद्र स्थापन झाले. हेच केंद्र पुढे क्षयरोग संशोधन केंद्र म्हणून ओळखले जाऊ लागले आणि आज ते राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था या नावाने कार्य करीत आहे. प्रारंभी त्याच्यापुढे एकच प्रश्न होता. त्या काळी क्षयरोग्याला आरोग्यधामात ठेवावे, भरपूर विश्रांती, मोकळी हवा व सकस आहार द्यावा, अशी सर्वमान्य समजूत होती. पण भारतातील रुग्णांची संख्या पाहता त्या सर्वांना पुरतील इतक्या खाटा उभारणे केवळ अशक्य होते. मग गरीब वस्तीतील दाटीवाटीच्या घरात, अपुऱ्या आहारावर, केवळ औषधांच्या बळावर हा रोग बरा होईल काय?

डॉ. वॉलेस फॉक्स यांच्या मार्गदर्शनाखाली १९३ रुग्णांवर हा प्रयोग झाला. काहींना आरोग्यधामात आणि काहींना घरी ठेवून दोन्ही गटांना आयसोनायझिड व पॅरा-अमिनो-सॅलिसिलिक अम्ल ही तीच औषधे एक वर्ष देण्यात आली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आरोग्यधामातील रुग्णांना अन्न अधिक चांगले मिळाले, विश्रांती अधिक मिळाली. पण रोगमुक्तीच्या बाबतीत दोन्ही गटांत फारसा फरक आढळला नाही.

तथापि या प्रयोगामागे एक भीती दडलेली होती, आणि ती मुलांविषयीची होती. खोकणारा बाप अथवा आई त्याच एका खोलीत राहिली, तर चिमुकल्यांचे काय होईल? म्हणून संशोधकांनी रुग्णांच्या निकट सहवासातील कुटुंबीयांचीही पाच वर्षे पाहणी केली. घरी उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबात रोगाचे प्रमाण आरोग्यधामात गेलेल्यांच्या कुटुंबापेक्षा अधिक आढळले नाही. कारण असे की, रोगाचा प्रसार मुख्यतः निदान होण्याच्या आधी होतो. औषधे सुरू झाली की रुग्णाची संसर्गक्षमता झपाट्याने घटते. मुलांचे रक्षण आई-बापांना दूर नेल्याने होत नसून त्यांना लवकर औषध दिल्याने होते, हा या पाहणीचा बोध होता.

मुलांचा क्षय ओळखणे कठीण का?

प्रौढाच्या फुप्फुसांतील क्षय थुंकीच्या तपासणीत सापडतो. लहान मुलाला मात्र खाकरून थुंकी काढता येत नाही. आलेला कफ ते गिळून टाकते. शिवाय त्याच्या शरीरातील जंतूंची संख्या बहुधा अल्प असते. परिणामी निदान ताप, वजन घटणे, क्ष-किरण चित्र, त्वचेवरील ट्यूबरक्युलिन कसोटी आणि घरातील रुग्णाशी आलेला संपर्क या सर्वांचा मेळ घालून करावे लागते. ज्या रोगाचा पुरावा हाती लागत नाही, त्याच्या उपचाराचे मोजमाप करणेही अवघड. क्षयरोगावरील कित्येक प्रयोगांतून मुले वगळली गेली, याचे हे एक प्रमुख कारण आहे.

दुसरीकडे, लहान वयात क्षयजंतू फुप्फुसांपुरते थांबत नाहीत. ते रक्तावाटे पसरून मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतात. या आवरणाचा क्षयजन्य दाह हे बालक्षयाचे सर्वांत भीषण रूप होय. प्रारंभी मूल मलूल होते, चिडचिड करते, खेळत नाही. ताप येतो, डोके दुखते, उलट्या होतात. ही लक्षणे इतकी सामान्य असतात की एक-दोन आठवडे सहज निघून जातात. त्यानंतर गुंगी, तिरळेपणा, झटके आणि अखेरीस बेशुद्धी. रोगाच्या या वाटचालीचे तीन टप्पे मानले जातात. पहिल्या टप्प्यात मूल शुद्धीवर असते, दुसऱ्यात गुंगी येते अथवा मज्जातंतूंच्या बिघाडाची चिन्हे दिसू लागतात, तिसऱ्यात ते गाढ बेशुद्धीत जाते.

१९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागण्यापूर्वी या रोगाचा शेवट जवळजवळ नेहमीच मृत्यूत होत असे. १९५२ मध्ये आयसोनायझिड उपलब्ध झाल्यावर आशा वाढली. परंतु येथे एक विशेष अडचण आहे. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक नैसर्गिक अडसर असतो आणि सर्वच औषधे तो ओलांडू शकत नाहीत. आयसोनायझिड व पायराझिनामाइड तो सहज पार करतात. रिफॅम्पिसिन कमी प्रमाणात पोहोचते. स्ट्रेप्टोमायसिन तर आवरणाचा दाह ओसरू लागला की फारच थोडे पोहोचते. म्हणजे फुप्फुसांच्या क्षयावर यशस्वी ठरलेला औषधांचा मेळ मेंदूच्या आवरणाच्या क्षयावरही तितकाच यशस्वी ठरेल, असे गृहीत धरता येत नव्हते.

एकशे ऐंशी बालके

मद्रासच्या केंद्राने एग्मोर येथील बालआरोग्य संस्था व बालरुग्णालय यांच्या सहकार्याने मेंदूच्या आवरणाचा क्षय झालेल्या १८० मुलांवर एकामागून एक असे तीन अभ्यास केले. त्यांचा अहवाल १९८६ साली प्रसिद्ध झाला. रिफॅम्पिसिनचा समावेश असलेली प्रभावी औषधे पहिल्या दोन महिन्यांत एकत्र देऊन, त्यानंतर मोजकी औषधे दीर्घकाळ चालू ठेवावयाची, अशी उपचाराची रूपरेषा होती.

निष्कर्ष दिलासा देणारे होते तसेच विषण्ण करणारेही होते. दर शंभर मुलांपैकी २७ दगावली, ३९ जगली पण त्यांच्यात मज्जासंस्थेचे काही ना काही व्यंग राहिले, आणि ३४ पूर्णपणे बरी झाली. पूर्वी जो रोग म्हणजे मृत्यूच, त्यातून जवळजवळ तीन-चतुर्थांश मुले वाचली, ही मोठीच प्रगती होय. पण वाचलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना आयुष्यभर पुरणारी खूण घेऊन घरी जावे लागले, हेही तितकेच खरे. तिन्ही अभ्यासांत औषधयोजना थोडीफार वेगळी असूनही ही फलश्रुती सारखीच राहिली. मुलाचे भवितव्य ठरत होते ते मुख्यतः रुग्णालयात दाखल होताना ते कोणत्या टप्प्यावर होते, यावरून. तिसऱ्या टप्प्यात आलेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक होते.

या अभ्यासांतून आणखी एक धडा मिळाला. पहिल्या अभ्यासात आयसोनायझिडची मात्रा मोठी होती आणि रिफॅम्पिसिन रोज दिले जात होते. तेव्हा एक-तृतीयांशाहून अधिक मुलांना कावीळ झाली. आयसोनायझिडची मात्रा कमी करताच हे प्रमाण घटले, आणि रिफॅम्पिसिन रोज देण्याऐवजी आठवड्यातून दोनदा दिल्यावर ते आणखी खाली आले. मुलाच्या यकृताला किती भार पेलतो, हे प्रौढांवरील अनुभवातून कधीच कळले नसते.

वाढत्या कण्याचा प्रश्न

क्षयजंतूंचे दुसरे आवडते ठिकाण म्हणजे पाठीचा कणा. मणके पोखरले जाऊन कोसळतात, पाठीला कुबड येते, आणि कधी पायांतील शक्ती जाते. अशा मुलांना महिनोन्महिने प्लास्टरच्या साच्यात निजवून ठेवण्याची पद्धत पूर्वी रूढ होती. शल्यचिकित्सकांचा एक वर्ग सडलेले हाड काढून त्या जागी नवे हाड बसवावे या मताचा होता. यांतील नक्की काय आवश्यक आहे, हे ठरविण्यासाठी हाँगकाँग, कोरिया आणि अन्यत्र प्रयोग झाले. त्याच मालिकेत मद्रासचाही प्रयोग होता.

चालू-फिरू शकणाऱ्या ३०४ रुग्णांची येथे तीन गटांत विभागणी झाली. एका गटाला शस्त्रक्रिया आणि सहा महिने औषधे मिळाली. दुसऱ्याला केवळ सहा महिने औषधे, आणि तिसऱ्याला केवळ नऊ महिने औषधे. औषधे आयसोनायझिड व रिफॅम्पिसिन हीच. शस्त्रक्रिया न झालेले रुग्ण हिंडत-फिरत उपचार घेत होते. दहा वर्षांच्या पाहणीचा अहवाल १९९९ साली प्रसिद्ध झाला. समाधानकारक स्थितीतील रुग्णांचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात ९० टक्के, सहा महिन्यांच्या गटात ९४ टक्के आणि नऊ महिन्यांच्या गटात ९९ टक्के होते. ज्या मुलांच्या कण्याला आरंभीच मोठा बाक होता, त्यांच्यात शस्त्रक्रियेनंतर तो बाक अधिक वाढल्याचे दिसले. तेव्हा सरसकट प्रत्येक मुलावर शस्त्रक्रिया करण्याचे समर्थन उरले नाही. विशिष्ट कारणासाठीच ती करावी, हे स्पष्ट झाले.

चिठ्ठीचा न्याय

येथे वाचकाच्या मनात एक शंका येणे स्वाभाविक आहे. आजारी मुलाला कोणता उपचार द्यावयाचा, हे जणू चिठ्ठी टाकून ठरविणे योग्य आहे काय? उत्तर असे की, दोन उपचारांपैकी कोणता अधिक चांगला हे खरोखरच कोणाला ठाऊक नसेल, तेव्हाच अशी विभागणी नीतीला धरून होते. निवड वैद्याच्या हाती ठेवली, तर तो नकळत अधिक आजारी मुलाला एक आणि धडधाकट मुलाला दुसरा उपचार देईल. मग फरक उपचाराचा की रुग्णाच्या प्रकृतीचा, हे कळणार नाही. आई-बापांची माहितीपूर्वक संमती, मोठ्या मुलाचा स्वतःचा होकार आणि स्वतंत्र नीतिसमितीची देखरेख या आज अशा संशोधनाच्या अनिवार्य अटी आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुलांच्या बाबतीत २०१७ साली स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली.

सहा महिन्यांऐवजी चार

अशाच पद्धतीने अलीकडे एक मोठा प्रश्न सुटला. सौम्य क्षय झालेल्या मुलांना प्रौढांप्रमाणे सहा महिने औषध द्यावे लागते काय? जंतू थोडे, मग औषधही थोडा काळ पुरेल, हा तर्क जुना होता, पुरावा नव्हता. भारत, दक्षिण आफ्रिका, युगांडा व झांबिया या देशांतील १,२०४ मुलांवर 'शाईन' नावाचा प्रयोग झाला. भारतातील केंद्रे चेन्नई आणि पुणे येथे होती. निम्म्या मुलांना चार महिने व निम्म्यांना सहा महिने, पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्यांच्या स्वरूपात औषधे देण्यात आली. मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उपचार अयशस्वी ठरण्याचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, म्हणजे सुमारे ३ टक्के होते. जागतिक आरोग्य संघटनेने सौम्य क्षयाच्या मुलांसाठी चार महिन्यांच्या उपचाराची शिफारस केली. ज्या आईला रोज रडणाऱ्या मुलाला गोळी पाजावी लागते, तिला दोन महिन्यांच्या या बचतीचे मोल सांगावयास नको.

परंतु हा निर्णय सौम्य रोगापुरताच आहे, हे विसरता कामा नये. मेंदूच्या आवरणाच्या क्षयात आजही दीर्घ अथवा अधिक तीव्र उपचारच द्यावे लागतात. निदानाच्या साधनांत सुधारणा झाली आहे. जंतूंची जनुकीय चाचणी आता काही तासांत उत्तर देते. तथापि पाठीतून काढलेल्या पाण्यात जंतू सापडले नाहीत म्हणजे रोग नाही, असे तीही सांगू शकत नाही. जन्मतः टोचली जाणारी बीसीजी लस प्रौढांच्या फुप्फुसक्षयाला रोखत नाही, असे मद्रासजवळील चिंगलपट जिल्ह्यात १९६८ साली सुरू झालेल्या प्रयोगात दिसून आले. पण लहान मुलांच्या मेंदूच्या आवरणाच्या क्षयापासून ती बरेच संरक्षण देते, म्हणून ती आजही टोचली जाते.

एग्मोरच्या त्या १८० मुलांनी जे दाखवून दिले, ते मात्र आजही तितकेच लागू आहे. औषधांच्या निवडीइतकाच मूल रुग्णालयात पोहोचण्याचा दिवस निर्णायक असतो. घरात कोणी क्षयरोगी असताना लहान मूल आठवडाभराहून अधिक काळ तापाने मलूल राहिले, उलट्या करू लागले, खेळेनासे झाले, तर ते पहिल्या टप्प्यातच वैद्याच्या हाती पडले पाहिजे. पुढचे काम औषधे करू शकतात. हे पहिले काम घरातल्या माणसांनाच करावे लागते.