संकरित गुरांचे मांस : मऊ की चिवट?

संकर कशासाठी

टेक्सास किंवा ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड येथले ऊन आणि गोचीड अँगससारख्या युरोपीय वंशाच्या गुरांना सोसत नाहीत. म्हणून त्यांचा ब्रह्मन जातीशी संकर करतात. ब्रह्मन घडली अमेरिकेत; पण तिचे पूर्वज गीर, कांक्रेज, ओंगोल आणि थोड्या प्रमाणात सांगली-कोल्हापूरकडची कृष्णा व्हॅली हे भारतीय वंश. ब्रँगस या संकरित जातीत ३/८ ब्रह्मन आणि ५/८ अँगस असते. संकरामुळे काटकपणा येतो. मात्र ब्रह्मनचा वाटा वाढतो तसे मांस सरासरीने चिवट होत जाते.

चिवटपणाचे मूळ

कत्तलीनंतर स्नायू ताठरतात. पुढे शीतगृहात मांस मुरत असताना कॅल्पेन हे विकर स्नायुतंतूंची चौकट सांधणारी प्रथिने तोडते आणि मांस मऊ पडते. कॅल्पास्टॅटिन हे प्रथिन त्याच विकराला रोखते. ब्रह्मनच्या स्नायूंत या रोधकाची क्रियाशीलता अधिक आढळते.

मोजणी

शिजवून गार केलेल्या मांसातून तंतूंच्या दिशेने सुमारे १.२७ सेंमी जाडीच्या गोल कांड्या काढतात. वॉर्नर-ब्रॅट्झलर यंत्राचे पाते त्या आडव्या कापते. कापताना लागलेले कमाल बल म्हणजे चिवटपणाचे माप.

जनुकांतील फरक

गुरांमध्ये कॅल्पेनचे जनुक २९व्या गुणसूत्रावर, तर कॅल्पास्टॅटिनचे ७व्यावर असते. कॅल्पेन प्रथिनात ३१६व्या स्थानी ग्लायसिनऐवजी अ‍ॅलानिन असलेल्या जनावरांचे मांस अधिक मऊ आढळते. म्हणून हा फरक निवडीसाठी खूण, म्हणजेच मार्कर, ठरला. ब्रह्मनमध्ये मात्र अ‍ॅलानिनवाले रूप फार विरळ. ज्या कळपात जवळपास सर्वांचे रूप एकच, तिथे ही खूण कोणाला निवडणार? २००५ साली याच जनुकाच्या प्रथिन न घडवणाऱ्या भागातील ‘४७५१’ हा मार्कर पुढे आला. तो युरोपीय आणि वशिंडधारी, दोन्ही वंशांत उपयोगी पडतो.

संकरातील फसगत

मार्कर हा स्वतः कारण असेलच असे नाही. अनेकदा तो खऱ्या कारणाच्या शेजारी बसलेला असतो. हा शेजार एका वंशात टिकतो, दुसऱ्यात तुटलेला असतो. संकरित कळपात आणखी एक घोटाळा होतो. एखादे रूप अँगसमध्ये मुबलक आणि ब्रह्मनमध्ये दुर्मीळ असेल, तर ते असलेल्या जनावरांत अँगसचा वाटाही बहुधा जास्त असतो. मग मऊपणाचे श्रेय जनुकाचे की वंशाचे? विश्लेषणात प्रत्येक जनावराचा वंशवाटा वेगळा काढल्याशिवाय याचे उत्तर मिळत नाही. त्यामुळे चाचणी कोणत्या जातींवर पारखलेली आहे, हाच पहिला प्रश्न असायला हवा.

उपयोग आणि मर्यादा

वासराच्या केसांच्या मुळांवरूनही ही तपासणी होते. त्यामुळे वळूची निवड करण्यासाठी त्याच्या संततीच्या कत्तलीपर्यंत थांबावे लागत नाही. आता एक-दोन जनुकांऐवजी हजारो मार्कर एकत्र तपासून निवड करण्याकडे कल आहे. मांसातील चरबीच्या जाळीसारख्या बहुजनुकीय गुणासाठी तेच योग्य. अर्थात सारे काही जनुकांच्या हाती नाही. स्नायू ताठरण्यापूर्वीच मांस घाईने अतिथंड केले, तर तंतू आखडतात आणि उत्तम जनुकांच्या जनावराचे मांसही चिवट निघते.